पावसात कोंबड्या कमी होतायत? चोर शोधायच्या आधी हे बघा

दरवर्षी मिरग लागला की आमच्या कोंबड्या कमी व्हायला लागायच्या. आज एक, परवा दोन, मग आठवडाभर काही नाही, परत एक. रक्त नाही, आरडाओरडा नाही. गणपतीत चाकरमानी घरी आले की पहिला प्रश्न, "कोंबड्या एवढ्याच?" आणि आषाढातली गटारी मध्ये येऊन गेलेली असल्यामुळे सगळे माझ्याकडेच बघून हसणार. तीन पावसाळे हा प्रकार चालला. कारण सापडलं तेव्हा स्वतःच्याच डोक्यात मारून घ्यावंसं वाटलं, म्हणून सविस्तर लिहितोय, कुणाचा तरी एखादा पावसाळा वाचेल.

आधी आमचा सेटअप सांगतो. देवगड तालुका, कलमांची छोटी बाग, मागे काजू आणि एक मोठा फणस. चार शेळ्या, एक गाय, आणि गावठी कोंबड्या पंचवीसच्या आसपास, दिवसा मोकळ्या आणि रात्री खुराड्यात. जुना खुराडा आजोबांच्या वेळचा, लाकडी, चार पायांवर उभा, फळ्यांमधून वारा खेळायचा. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात फणसाची फांदी त्याच्यावर आली आणि त्याचं सरपण झालं. मग मी म्हटलं आता एकदाच काय ते पक्कं करू, दिवाळीत गवंडी बोलावला आणि चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) खुराडा बांधला, वर पत्रा, लोखंडी दार, कडी. बाहेरून नुसता किल्ला. आतून प्लास्टर केलं नाही, कोंबड्यांना कशाला प्लास्टर, पैसे काय झाडाला लागतात काय. हे वाक्य लक्षात ठेवा.

२०२२ च्या पावसात नऊ कोंबड्या गेल्या. जुलैत एका सकाळी दार उघडलं तर कोपऱ्यात अजगर वेटोळं घालून बसलेला, पोट टम्म. पाणी जायला ठेवलेल्या भोकातून आत आला आणि कोंबडी गिळल्यावर त्याच भोकातून बाहेर निघता येईना. सर्पमित्राला बोलावलं, त्याने नेऊन सोडला. (अजगर मारू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, वनखात्याचा १९२६ नंबर त्यासाठीच आहे.) मला वाटलं झालं, चोर सापडला. भोकाला अर्धा इंची वेल्डमेश जाळी लावली, दाराखालची फट बुजवली आणि निवांत झालो.

२०२३ ला अकरा गेल्या.

आता खुराड्यात मुंगीशिवाय काही शिरायला जागा नव्हती. मग वायफाय कॅमेरा लावला. रात्र रात्र बघितलं, काही येतच नाही. म्हणजे खरंच काही नाही, पाऊस आणि पतंग. गावात चर्चा सुरू झाली की राखणदाराचं (जागेची राखण करणाऱ्या देवाचं) काहीतरी राहिलंय, एक कोंबडा द्या. दिला. म्हणजे कोंबड्या जाऊ नयेत म्हणून अजून एक घालवला, पण ते जाऊ दे, श्रद्धेचा विषय आहे. फरक काही पडला नाही.

२०२४ च्या आषाढात शेजारच्या काकी दूध न्यायला आल्या होत्या, मी त्यांच्यासमोर रडगाणं गात होतो. त्या म्हणाल्या, "झिला, सांजवेळी मोजतंस काय रे त्येंका? पयली मोज, मगे चोर शोध." मी म्हटलं रोज सकाळी मोजतो की. तर म्हणे सकाळी नाही, संध्याकाळी, दार लावताना. आणि खरं सांगायचं तर पावसात सात वाजता अंधार, डोक्यावर इरलं, हातात टॉर्च, मी दार ओढायचो, कडी घालायचो आणि पळायचो. आत किती आहेत ते कोण बघतो.

त्या रात्री मोजल्या. तेवीस असायला हव्या होत्या, आत चौदा.

चोर खुराड्यातून नेतच नव्हता, कोंबड्या खुराड्यात जातच नव्हत्या! टॉर्च घेऊन फिरलो तर पाच फणसावर, दोन मांगराच्या (गोठ्याच्या) वाशावर, एक लाकडांच्या माचावर भिजत बसलेली, आणि एक सापडलीच नाही (ती तीन आठवड्यांनी करवंदीच्या जाळीतून नऊ पिल्लं घेऊन बाहेर आली, तो वेगळाच आनंद). आणि मग मागच्या वर्षीचं कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग आठवलं. मोबाईलमध्ये दोन क्लिप राहिल्या होत्या त्या काढून बघितल्या, तर फ्रेममध्ये अकराच कोंबड्या. मी डोळे ताणून चोर बघत होतो, कोंबड्या मोजल्याच नव्हत्या.

बाहेर झोपलेली कोंबडी म्हणजे काय, आंधळीच. अंधारात तिला काही दिसत नाही, झाडावरून पडली तर परत चढता येत नाही, आणि पावसात भिजून गारठली तर सकाळपर्यंत अर्धमेली. अशीला न्यायला रानमांजर, कांडेचोर (उदमांजर), कोल्हा, अजगर, भटकी कुत्री सगळे टपलेले. म्हणजे चोर होतेच, एक सोडून पाच होते, पण घरातनं हाकलणारा वेगळा होता.

मग प्रश्न आला की एवढा पक्का खुराडा सोडून या बाहेर का झोपतात. काकींनी आत डोकं घातलं, दोन मिनिटं उभ्या राहिल्या, हात खाजवत बाहेर आल्या. म्हणाल्या, "ह्येच्यात मी पण निजाक जावचंय नाय."

कारण: रेड माईट

आमच्याकडे सरसकट सगळ्याला उवा नाहीतर पिसवा म्हणतात, पण हा प्रकार वेगळा आहे आणि तो वेगळा ओळखणं महत्त्वाचं आहे, कारण उपाय बदलतो. उवा कोंबडीच्या अंगावर राहतात, दिवसासुद्धा. शेपटीखालची पिसं बाजूला करून बघितलं तर पिवळसर किडे पळताना दिसतात आणि पिसाच्या बुडाशी अंड्यांचे पांढरे गुच्छ असतात. रेड माईट मात्र दिवसा अंगावर सापडतच नाही. हा एक मिलिमीटरएवढा किडा, उपाशी असला तर राखाडी, रक्त प्यायला की लाल. दिवसभर भिंतीच्या भेगांत, बांबूच्या फटीत, पत्र्याच्या जोडात लपून राहणार आणि रात्री कोंबड्या बसल्या की बाहेर येऊन रक्त पिऊन परत जाणार. म्हणून मी दिवसा कोंबडी पकडून उलटीसुलटी करून बघितली होती तेव्हा काहीच दिसलं नव्हतं.

आणि चिरा! जांभ्या दगडाला मुळातच भोकं असतात, त्यात मी प्लास्टर केलेलं नाही, म्हणजे मी या किड्यांना हजारो खोल्यांची चाळ बांधून दिली होती. आजोबांच्या खुराड्यात हा त्रास का नव्हता तेही आता कळतं, तो पायावर उभा, सुटा, वारा लागणारा, आणि आजी दर उन्हाळ्यात त्याच्यावर कढत पाणी ओतायची. आम्हाला वाटायचं तिला स्वच्छतेची हौस आहे.

पावसातच का, तर ऊब आणि दमट हवा त्यांना मानवते. उकाड्याच्या दिवसांत अंड्यातून निघून परत अंडी घालण्यापर्यंतचं चक्र आठवडा-दहा दिवसांत पुरं होतं, म्हणजे मे महिन्यात मूठभर असतील तर जुलैत खुराडा भरतो. त्यात जूनपासून अंगणात नुसता चिखल, कोंबड्यांना लोळायला कोरडी माती मिळत नाही, त्यामुळे अंगावरच्या उवाही वाढतात. आणि आले कुठून म्हणाल, तर मीच आणले असणार. कमी झालेल्या कोंबड्या भरून काढायला दर दिवाळीत आठवडा बाजारातून सात-आठ आणायचो आणि त्याच दिवशी बाकीच्यांत सोडायचो. चिमण्या-साळुंक्यांच्या घरट्यांतूनही येतात म्हणतात डॉक्टर.

लक्षणं सगळी माझ्या डोळ्यासमोर होती. तुरे फिके पडलेले, मला वाटलं पावसाने. अंडी कमी झालेली, मला वाटलं पावसाने. खुडूक बसलेली कोंबडी दहाव्या दिवशी अंडी टाकून उठली, तिला शिव्या घातल्या. संध्याकाळी कोंबड्या दाराशी येऊन थबकायच्या, माना वाकड्या करून आत बघायच्या, मी हुसकून आत ढकलायचो, अर्ध्या बगलेतून पळायच्या. आणि माझ्या स्वतःच्या हातांना महिनाभर खाज, त्यावर मी खरजेचं मलम लावत होतो, घरात साबण बदलून झाला. अंडी काढायला रोज आत हात मीच घालत होतो ना.

तुमच्याकडे हेच आहे का, कसं बघायचं

अंधार पडल्यावर दोन तासांनी टॉर्च घेऊन जा आणि बसायच्या दांड्याच्या खालच्या बाजूने पांढरा रुमाल ओढा. लाल ठिपके, रेघा उठल्या तर हेच. दिवसा बघायचं असेल तर दांडा जिथे भिंतीला टेकतो तिथे राखेसारखी करडी पूड दिसते का बघा, ती राख नसते. आमच्याकडे रुमाल असा झाला की जणू कुणी कुंकू पुसलंय. बायकोने तो चुलीत टाकला आणि मला अंगणातच आंघोळ करायला लावली.

काय केलं आणि काय करू नये

पहिली चूक मी करणारच होतो ती आधी सांगतो. आंब्याच्या फवारणीचं उरलेलं औषध आपल्याकडे प्रत्येक घरात पडवीत असतंच, पंप पण असतो, हात आपोआप तिकडे जातो. नका मारू. ते पिकासाठी आहे, बंद खुराड्यात कोंबड्या त्यातच श्वास घेणार आणि अंडी आपली पोरं खाणार. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, जनावरांसाठीचं वेगळं औषध असतं, ते किती पाण्यात घालायचं आणि मारल्यावर किती दिवस अंडी खायची नाहीत हे डॉक्टर सांगतात. आम्हीही शेवटी एकदा ते मारलं, पण खरा फरक पडला तो कढत पाणी आणि प्लास्टरने.

पाऊस उघडलेला दिवस धरला. आतलं तूस, गवत सगळं ओढून बाहेर काढून जाळलं, उकिरड्यावर टाकलं नाही, तिथून परत येतात. बांबूचे दांडे पण जाळले, बांबूच्या फाटक्या टोकात तर वारूळच होतं. मग चुलीवर पाण्याचे हंडे, उकळतं पाणी तांब्याने भिंतीच्या प्रत्येक भोकात, पत्र्याच्या खाचेत, दाराच्या बिजागरीत. कोमट चालत नाही, उकळतंच पाहिजे. एकदा करून भागत नाही कारण अंडी राहतात, म्हणून दर सात दिवसांनी, असं तीनदा. दुसऱ्या खेपेनंतर गवंड्याला परत बोलावून आतून सिमेंटचा गिलावा करून घेतला, वर चुन्याचे दोन हात. गवंडी म्हणाला, "तेव्हाच बोललो होतो." बोलला होता.

बसायला बांबूऐवजी तासलेली गुळगुळीत रीप, आणि ती भिंतीत न खुपसता लाकडी घोड्यावर मधोमध, कुठेच भिंतीला टेकत नाही. घोड्याचे चारही पाय छोट्या डब्यांत, डब्यात जुनं इंजिन ऑइल. भिंतीत उरलेसुरले असले तरी त्यांना चढायला रस्ताच नाही. डबे अगदी बारक्या तोंडाचे घ्या, माझी एक तलंग (तरणी कोंबडी) पहिल्याच रात्री त्यात पाय घालून बसली आणि सकाळी सगळ्या अंड्यांवर काळे ठसे.

"खुराडा महिनाभर रिकामा ठेवतो, उपाशी मरतील" असं कुणी म्हणेल, मीही म्हटलं होतं. मरत नाहीत. रक्ताशिवाय कित्येक महिने तग धरतात, कोंबड्या परत आल्या की जिथल्या तिथे हजर.

राख मात्र जरूर ठेवा. पडवीत जुना टायर, त्यात चुलीची राख आणि चाळलेली कोरडी माती. ती मुख्यतः अंगावरच्या उवांसाठी, माईट भिंतीत बसलेला असतो त्याला टायरमधल्या राखेचं काय. पण पावसात कोंबड्या त्यात अशा पडून राहतात की बघून आपल्यालाच बरं वाटतं.

आता या सगळ्यात एक उपद्व्याप झाला. कामाचे दोन दिवस कोंबड्या शेळ्यांच्या मांगरात ठेवल्या, आणि त्यांच्यासाठी ठेवलेली कणीची गोणी पण तिथेच. आमची मोठी शेळी रात्रीत गोणी फोडून मनसोक्त जेवली. सकाळी पोट फुगलेलं, दात खातेय, उभी राहीना. एकदम भरपूर दाणा गेला की शेळीच्या पोटात आम्ल होतं, जीवसुद्धा जाऊ शकतो, त्यामुळे घरगुती काढे करत बसू नका, सरळ १९६२ ला (जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर) फोन करा नाहीतर जवळचा दवाखाना गाठा. वाचली बिचारी, पण तीन दिवस ती आणि मी दोघेही झोपलो नाही. गोणी डब्यात, डब्याला झाकण, झाकणावर चिरा. शेळीला झाकण उघडता येतं हे तुम्हाला माहीत नसेल तर तुमच्याकडे शेळी नाही.

खुराडा तयार झाल्यावर कोंबड्या आपोआप परत जात नाहीत, त्यांना फणस आवडायला लागलेला असतो. रात्री झाडावरून एकेक उतरवून आत ठेवल्या आणि पाच दिवस बंदच ठेवल्या, दाणापाणी आतच. त्यानंतर रोज दिवेलागणीच्या आधी मूठभर कणी आत टाकायची, बाहेर नाही. आठवड्यात सवय लागली. आणि दार लावताना मोजायचं, मोठ्याने, पाऊस असो नसो.

मोजून सगळ्या आत आहेत आणि तरी सकाळी कमी, तर मग चोर खरा

तेव्हा खुणा बघा. पीससुद्धा न पडता पूर्ण कोंबडी गायब म्हणजे बहुतेक अजगर, आणि तो अजून आसपासच सुस्त पडलेला असेल, त्यामुळे हात घालायच्या आधी टॉर्च मारा. एकच नेलीय आणि पिसांची रांग कुंपणापर्यंत गेलीय तर रानमांजर. चार-पाच मेलेल्या, फाडलेल्या पण खाल्लेल्या नाहीत तर कुत्री. कौलं सरकलेली आणि आसपास बिया असलेली विष्ठा, तर कांडेचोर, तो वरून येतो, खाली जाळी लावून उपयोग नाही. मुंगूस दिवसाढवळ्या येतं, मान धरतं, आणि अंडं मागच्या पायांमधून दगडावर आपटून फोडतं, त्यामुळे दगडाशी फुटकी कवचं दिसतात. कवचच नाही, अंडं अख्खं गायब, तर साप किंवा घोरपड. आणि घरट्यातच ओली कवचं आणि कोंबडीच्या चोचीला बलक लागलेला असेल तर चोर तीच, तिला चुना कमी पडतोय, तिसऱ्या (शिंपल्यातली मासळी) खाल्ल्यावर शिंपा फेकू नका, भाजून कुटून घाला. नुसती पिल्लं जात असतील तर दिवसा घार, कावळा, कुकुडकोंबा (भारद्वाज), आणि रात्री घूस, जमिनीत बीळ आहे का बघा.

जाळी घेताना षटकोनी कोंबडीजाळी घेऊ नका. ती कोंबडी आत ठेवायला ठीक आहे, बाहेरच्याला अडवायला नाही, आणि आपल्या खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत हाताने तुटते. अर्धा इंची वेल्डमेश घ्या आणि फूटभर जमिनीत गाडा.

अजून एक, मेलेली कोंबडी झुडपात सापडली आणि हिरवट हगवण, मान वाकडी असं काही आधी दिसलं असेल तर हा विषयच वेगळा, तो राणीखेत रोग. लस हाच उपाय. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब, पुढे आठव्या आठवड्याच्या आसपास आर-टू-बी. आणि बाजारातून आणलेल्या कोंबड्या दोन-तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवा. मी आता ठेवतो.

२०२५ च्या पावसात दोन गेल्या. एक तलंग घारीने भर दुपारी नेली, माझ्या डोळ्यादेखत, आणि दुसरी तांबडी, जी शेवटपर्यंत फणसावरून उतरलीच नाही. रोज रात्री शिडी लावून काढायचो, दुसऱ्या दिवशी परत वर. ज्या रात्री मला ताप होता त्या रात्री शिडी लावायची राहिली.

कढत पाण्याचा पुढचा हात मे संपायच्या आत, पहिल्या पावसाच्या आधी. काकींना पण सांगून ठेवलंय, त्यांच्याकडे मोठा हंडा आहे.